नांव ठेवणें

माझें गांव घाटनांदूर. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगररांगेंत, परळी-विकाराबाद लोहमार्गावर हें गांव वसलें आहे. ह्याच जिल्ह्यांत, शेजारच्या केज तालुक्यांत, नांदूरघाट नांवाचें दुसरें एक गांव आहे. शब्द तेच दोन. केवळ मागचा पुढें आणि पुढचा मागें. पत्ता घाईनें लिहिणाऱ्याचें पत्र इकडचें तिकडे जातें, आणि नवखा पाहुणा भलत्याच वेशींत उतरून आपल्या यजमानाचें घर विचारीत बसतो. तेव्हां नांवांत काय आहे, असा प्रश्न आमच्या गांवांत कोणी विचारीत नाहीं. नांवांत निदान एका दिवसाची पायपीट आहे, हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे.

आज ज्या नांवाविषयीं मी बोलणार आहें, तें मात्र गांवाचें नव्हे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरीं कुत्र्याचें एक पिलूं आलें. मादी, वय दीड महिना, अंगानें काळें कुळकुळीत, पाय देहाच्या मानानें फार लांब, आणि तोंड निमुळतें. लातूर जिल्ह्यांत, चाकूर तालुक्यांत, जानवळ म्हणून गांव आहे. तें कारवान व पश्मी जातींच्या कुत्र्यांबद्दल आमच्या भागांत प्रसिद्ध आहे. त्या बाजूनेंच एका स्नेह्यानें हें अस्सल जातीचें पिलूं आणून दिलें. आणतांना तो म्हणाला, "जात पक्की आहे. नांव मात्र तुम्हीच ठेवा." त्याला वाटलें, अवघड गोष्ट त्यानें केली आणि सोपी आम्हांवर सोंपविली. वास्तविक प्रकार उलटा होता.

आपल्या मराठींत नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें ह्यांत एका मात्रेचें अंतर आहे. बारशाच्या दिवशीं आपण नांव ठेवतों, आणि पुढें आयुष्यभर लोक नांवें ठेवतात. हें एका मात्रेचें अंतर किती निसरडें आहे, हें मला त्या पिलानें शिकविलें.

प्रथम त्याच्या जातीचीच गोष्ट घ्या. ज्या जातीच्या शुद्धपणाची माझ्या स्नेह्यानें ग्वाही दिली, त्या जातीलाच एक नांव नाहीं. आमच्याकडील शेतकरी तिला कारवान किंवा कारवानी म्हणतात. परदेशच्या व्यापाऱ्यांचे, सैनिकांचे तांडे दक्षिणेंत आले, त्यांच्या कारवानांबरोबर हीं कुत्रीं आलीं, अशी ह्या नांवामागची समजूत आहे. अरबस्तान व इराणकडील सलुकी कुत्र्याशीं असलेलें त्यांचें साम्य पाहतां ती समजूत अगदींच निराधार म्हणवत नाहीं. ज्यांच्या कानांवर, पायांवर व शेंपटीवर मऊ लांब केंस असतात, त्यांस पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे फारशींत लोंकर. हींच कुत्रीं कृष्णेच्या खोऱ्यांत गेलीं कीं त्यांचें नांव मुधोळ होतें. मुधोळ हें घोरपडे घराण्याचें संस्थान; आज तें कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं ह्या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज ह्यांस नजर केली. बादशहांनीं त्यांस मुधोळचे शिकारी कुत्रे म्हटलें आणि तेंच नांव रूढ झालें, असें सांगतात. कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांतही एक मत नाहीं: एकीच्या दप्तरीं ही जात कारवान हाउंड म्हणून लिहिली जाते, दुसरीच्या दप्तरीं मुधोळ हाउंड म्हणून. 2005 सालीं भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं चार तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ हें नांव छापलें गेलें. कारवान मागें राहिलें.

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. घोरपडे हें आडनांव घोरपडीच्या साहाय्यानें किल्ला सर करणाऱ्या पूर्वजावरून पडलें, अशी त्या घराण्याची परंपरा आहे. म्हणजे आधीं माणसांनीं प्राण्याचें नांव घेतलें, आणि मागाहून एका प्राण्यानें त्या माणसांच्या राजधानीचें नांव घेतलें. देणेंघेणें असें पुरें झालें.

जातीचा प्रश्न इतका गुंतलेला. मग व्यक्तीच्या नांवाचें काय? मी जन्मभर जुन्या कागदांत रमलेला मनुष्य. सवयीप्रमाणें पूर्वजांस विचारण्याचें ठरविलें.

आपल्या वाङ्मयांतील पहिली नामवंत कुत्री म्हणजे सरमा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत ती इंद्राची दूती होऊन पणींकडे जाते आणि चोरलेल्या गाईंचा जाब विचारते. तिच्या वंशजांस सारमेय म्हणतात. यमाच्या द्वारीं बसणारे दोन कुत्रे पुढें श्याम आणि शबल म्हणून ओळखले जाऊं लागले. एक काळा, दुसरा ठिपक्यांचा. म्हणजे आमचा कुणबी काळ्या व कबऱ्या हीं नांवें ठेवतो, तेव्हां तो नकळत यमाच्या घरची पद्धत चालवितो. परंतु ह्यापुढें पाहूं जातां निराशा होते. एकलव्यानें ज्याचें तोंड बाणांनीं बंद केलें त्या कुत्र्यास नांव नाहीं. युधिष्ठिराबरोबर जो हिमालय चढून स्वर्गाच्या दारापर्यंत गेला, ज्याच्यासाठीं धर्मराजानें स्वर्गही नाकारला, त्यालाही महाभारतकारांनीं नांव दिलेलें नाहीं. भाऊ गळून पडले, पत्नी गळून पडली, त्यांचीं नांवें आपण पाठ म्हणतों. टिकला तो निनांवी.

मराठवाड्याच्या भूमीवरील प्राचीन ग्रंथांतही हाच अनुभव येतो. तेराव्या शतकांतील लीळाचरित्रांत चक्रधरस्वामींची एक लीळा आहे. पारध्यांनीं पैज लावून सशावर कुत्रे सोडले. ससा धांवत येऊन स्वामींच्या मांडीखालीं दडला. आणि स्वामींनीं त्यास अभय दिलें. कुत्रे चांगल्या जातीचे असले पाहिजेत, कारण त्यांच्यावर पैज लागली होती. पण त्यांचीं नांवें म्हाइंभटांनीं लिहिलीं नाहींत. संत नामदेवांची गोष्ट तर आबालवृद्धांस ठाऊक आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें ते तुपाची वाटी घेऊन धांवले, आणि त्यास त्यांनीं देवाच्याच नांवानें हांक मारली. नांवाच्या इतिहासांत ही हांक सर्वांत उंच. पण तें नांव त्या कुत्र्याचें एकट्याचें नव्हे, तें सर्वांचें आहे.

मग ज्याचें स्वतःचें नांव दगडावर कोरलें गेलें, असा एखादा कुत्रा आहे काय? श्रोतेहो, आहे, आणि तो हजार वर्षांहून जुना आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण ह्याचें राज्य आमच्या मराठवाड्यावरही होतें. नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथें त्या काळच्या खुणा आजही दिसतात. इ. स. 949 च्या सुमारास ह्या कृष्णानें तक्कोलम येथें चोळांचा पराभव केला. त्या लढाईंत त्याचा मांडलिक गंग राजा दुसरा बूतुग ह्यानें मोठा पराक्रम केला. बूतुगाच्या पदरीं मणलेर नांवाचा एक वीर होता. त्याच्या शौर्यावर प्रसन्न होऊन राजानें सांगितलें, हवें तें माग. मणलेरानें गांव मागितलें नाहीं, सोनें मागितलें नाहीं. त्यानें राजाजवळचें काळी नांवाचें शिकारी कुत्रें मागून घेतलें. पुढें एका प्रचंड रानडुकराशीं झुंजतांना तें कुत्रें व तो डुक्कर दोघेही मेले. मणलेरानें कर्नाटकांतील आतकूर येथें त्याच्या स्मरणार्थ दगड उभारला, त्यावर कुत्र्याडुकराची झुंज कोरविली, आणि त्या दगडाच्या पूजेसाठीं जमीन लावून दिली. त्यावर शके 872 चा कानडी लेख आहे. त्याच लेखांत चोळांवरील विजयाची हकीकतही आहे. इतिहासाचे अभ्यासक तो लेख लढाईसाठीं वाचतात. मी तो, खरें सांगावयाचें तर, कुत्र्यासाठीं वाचतों.

हा लेख आठवतांच माझा निश्चय झाला. आमचें पिलूं काळें, नांव काळी. इतकें प्राचीन, सप्रमाण आणि रंगास शोभणारें नांव दुसरें कोणतें मिळणार! शिवाय आमच्या भाषेंत काळी म्हणजे पिकाची जमीन. गांव वसतें ती पांढरी आणि गांव ज्यावर जगतें ती काळी. मी हा सर्व युक्तिवाद संध्याकाळीं ओसरीवर मांडला. माझी दहा वर्षांची नात पिलूं मांडीवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "आबा, मला ते नांव नको."

"कां बाळ?"

तिनें उत्तर दिलें नाहीं. तिच्या आजीनें मला नंतर सांगितलें कीं, शाळेंतल्या मुली तिला त्याच नांवानें चिडवितात. माझी नात सांवळी आहे. मी हजार वर्षांमागचा शिलालेख वाचला होता. पण घरांतल्या मुलीच्या कपाळावर कोणी काय लिहीत होतें, तें मला वाचतां आलें नव्हतें. ज्याला मी नांव ठेवणें म्हणत होतों, तें तिच्या कानीं नांवें ठेवणें होतें.

मी दुसरीं नांवें शोधूं लागलों. खंड्या आणि वाघ्या हीं दोन नांवें महाराष्ट्रांत सर्वांत मानाचीं. पण दोन्ही नराचीं, आणि दोन्हींच्या मागें इतिहासाचा प्रश्न उभा. सातारच्या शाहू महाराजांचा एक आवडता कुत्रा होता. परंपरेनें त्याचें नांव खंड्या. शिकारींत वाघापासून त्यानें महाराजांचा जीव वांचविला, म्हणून महाराजांनीं त्यास जहागीर व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें 1826 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. एकदां भर दरबारांत त्या कुत्र्यास जरीचीं वस्त्रें व दागिने घालून महाराजांनीं आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, असेंही तो सांगतो. संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू महाराजांच्या समाधीपाशीं त्या कुत्र्याचें स्मारक लोक दाखवितात.

वाघ्याची गोष्ट वेगळी. रायगडावर श्रीशिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्याचा पुतळा आहे. तो 1936 सालीं, होळकरांच्या द्रव्यसाहाय्यानें उभा राहिला. महाराजांच्या चितेंत ह्या स्वामिनिष्ठ कुत्र्यानें उडी घेतली अशी कथा आहे, आणि गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकानें तिला महाराष्ट्राच्या हृदयांत जागा करून दिली. परंतु 1680 च्या त्या शोकप्रसंगाच्या समकालीन साधनांत वाघ्याचा उल्लेख आढळत नाहीं. ह्याच कारणास्तव कांहीं लोकांनीं तो पुतळा उखडला, तो पुन्हां बसविण्यांत आला, आणि 2025 सालीं तो वाद नव्यानें उसळला. माझें मत विचाराल तर, कथा ही कथा म्हणून सांगण्यांत कमीपणा नाहीं. ती इतिहास म्हणून सांगण्यांत मात्र इतिहासाची व कथेची दोघांचीही हानि आहे. नांव मात्र खरें जुनें आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि त्याचे भक्त स्वतःस वाघ्या म्हणवितात. जेजुरीपासून आमच्याकडील नळदुर्ग-अणदूर व माळेगांवच्या यात्रेपर्यंत हा शब्द भंडाऱ्यासारखा उधळलेला आहे. देवाच्या दारीं कुत्रा होऊन राहण्यांत ज्यांना भूषण वाटलें, त्यांचें तें नांव.

ह्या नांवांच्या शेवटीं जो 'या' आहे, त्याच्याकडे आपण लक्ष दिलें आहे काय? मोत्या, वाघ्या, खंड्या, लाल्या. शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधापर्यंत हांक पोहोंचावी, तर नांव दोन अक्षरी हवें आणि शेवटचा स्वर मोकळा हवा. धनगराला, पारध्याला हें कोणी शिकविलें नाहीं. त्यांच्या गळ्यानें तें ठरविलें. परंतु हाच 'या' आपल्या गांवगाड्यानें माणसांसही लावला. वाड्यावरच्यास पंत आणि राव. गांवकुसाबाहेरच्यास, तो पितामह झाला तरी, राम्या आणि गोंद्या. जी हांक कुत्र्यास लाडाची होती ती माणसास अपमानाची झाली. 20 मार्च 1927 रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं जें पाणी ओंजळींत घेतलें, तें गुराढोरांस मोकळें आणि माणसांस बंद होतें. तेव्हां कुत्र्यावरील आपल्या प्रेमाची परीक्षा कुत्र्यास आपण काय म्हणतों ह्यावर संपत नाहीं. शेजारच्या माणसास काय म्हणतों, तेथें ती सुरू होते. माझ्या बाबतींत ती माझ्याच ओसरीवर सुरू झाली होती.

इंग्रजी नांवांचाही विचार झाला. निजामी अमलांत अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावण्या आल्या कीं साहेब येतात, साहेबांबरोबर त्यांचे कुत्रे येतात, आणि कुत्र्यांबरोबर टॉमी, जॅकी, टायगर येतात. साहेब गेले, टॉमी राहिला. आमच्या गल्लींत आज दोन टायगर आहेत. टायगर म्हणजे अखेर वाघ्याच. परंतु वाघ्या म्हटलें कीं गांवठी आणि टायगर म्हटलें कीं जातिवंत, असा समज झाला आहे. ज्यांची जात शेंकडों वर्षें ह्याच मातींत मुरली, त्या कारवानांच्या पिलांसही परकीं नांवें दिलीं म्हणजे त्यांची किंमत वाढते असें विकणाऱ्यास वाटतें. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, ही म्हण येथें उलटी झाली आहे: हातांत सोनें आहे, आणि नांव कथलाचें हवें आहे.

शेवटीं निर्णय अगदीं निराळ्या वाटेनें झाला. एके रात्रीं नातीनें गोष्ट मागितली, आणि मी तिला बंजाऱ्याच्या कुत्र्याची लोककथा सांगितली. आमच्या बालाघाटांत तांडे पुष्कळ. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून लमाण देशोदेशीं फिरत, आणि तांड्याची राखण कुत्रे करीत. एका बंजाऱ्यास कर्ज फेडतां येईना, म्हणून त्यानें आपलें कुत्रें सावकाराकडे गहाण ठेविलें. सावकाराच्या घरीं चोरी झाली. चोरांनीं लपविलेला माल त्या कुत्र्यानें दाखवून दिला. सावकारानें संतुष्ट होऊन, कर्ज फिटलें, अशी चिठ्ठी लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यांत बांधली, आणि त्यास मोकळें केलें. तें आनंदानें धन्याकडे धांवत निघालें. धन्यानें दुरून पाहिलें. त्यास वाटलें, हें पळून आलें, ह्यानें माझा शब्द घालविला. रागाच्या भरांत त्यानें त्याच्या डोक्यांत काठी घातली. मग गळ्यांतली चिठ्ठी दिसली. छत्तीसगडांत बालोद जिल्ह्यांतील खपरी येथें कुकुरदेवाचें जुनें देऊळ आहे. त्याच्याशीं लोक ही कथा जोडतात. देऊळ झालें, पूजा झाली. पण 'कुकुरदेव' म्हणजे कुत्र्याचा देव, एवढेंच.

माझी नात बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "त्याने आधी चिठ्ठी का नाही वाचली?"

मीं म्हटलें, "राग आधीं येतो, बाळ. वाचणें मागाहून सुचतें."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांतून हांक ऐकूं आली: "चिठ्ठी! ए चिठ्ठी!" आणि तें काळें, लांब पायांचें पिलूं अडखळत, कोलांट्या खात तिच्याकडे धांवत होतें. मीं मनांत हिशेब केला. दोन अक्षरी, शेवटचा स्वर मोकळा, हांक बांधापर्यंत जाईल. पूर्वाधार एकही नाहीं. शिलालेख नाहीं, बखर नाहीं, पुराण नाहीं. आणि तरीही, जिच्या गांवचीं पत्रें भलत्या गांवीं जातात त्या मुलीस दुसरें कोणतें नांव सुचावें!

त्या नांवास आतां चार महिने झाले. चिठ्ठी वेगानें वाढत आहे. तिच्या पूर्वजांनीं ससे व हरणें धरलीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तें काम राहिलें नाहीं, आणि तें राहूं नये हेंच योग्य. ती आतां शेताची राखण करील, रानडुकरांवर भुंकेल, आणि मोकळ्या माळावर केवळ धांवण्याच्या सुखासाठीं धांवेल. दप्तरीं नोंद करावयाची झाली तर तिच्या जातीपुढें कारवान लिहावें कीं मुधोळ, ह्याचा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. शाळेंतल्या मुलींशीं मीं व तिच्या बाईंनीं बोलणें केलें. चिडविणें सर्वस्वीं थांबलें असें मी म्हणणार नाहीं. पण परवां त्यांतल्या दोघी पिलूं पाहावयास आमच्या घरीं आल्या, आणि माझ्या नातीनें त्यांना ती बंजाऱ्याची गोष्ट स्वतः सांगितली.

मीं ओसरीवरून ऐकलें. शेवटाशीं येऊन ती थांबली, आणि म्हणाली, "म्हणून आमच्याकडे आधी चिठ्ठी वाचतात."